सारसाचं डोकं एवढं मोठं का?

"सर, ये पेड गिर तो नहीं रहे?"

बबलूभाई मंडपवाला शिडीच्या वरच्या पायरीवरून विचारत होता. पडद्याचं दुसरं टोक त्याने नुकतंच लोखंडी पाइपला बांधलं होतं. मी मागे सरकत सरकत गोदामाच्या मध्यापर्यंत आलो, मान वर केली, आणि तोंडातली सुपारी चावायचा थांबलो.

झाडं खरंच पडत होती. डाव्या अंगाची मोहाची झाडं डावीकडे झुकलेली, उजव्या अंगाची उजवीकडे. मधलं एक तेवढं सरळ. खाली नवेगाव बांधचा तलाव होता, पण तो पट्टीसारखा चिंचोळा, कापडाच्या अगदी तळाला चिकटलेला. काठावर सारसाची जोडी. पाय बदकाचे, मान वर जाईल तशी जाड होत गेलेली, आणि वर डोकं माठाएवढं.

"बबलूभाई," मी म्हटलं, "आधी खाली उतरा."

मी चित्रं टांगतो. हसू नका, हाही धंदा असतो. चित्रकार चित्र काढतो, गॅलरीवाला विकतो, समीक्षक त्यावर कोणाला न कळेल असं लिहितो. पण ते भिंतीवर लावणारा कोणीतरी लागतोच. आमच्या लाइनीत त्याला इन्स्टॉलर म्हणतात. कुठलं चित्र कोणाच्या शेजारी, किती उंचीवर, दिवा कुठल्या बाजूने, हे सगळं त्याने बघायचं. मी मूळचा आमगावचा. उमेदीची वर्षं मुंबईच्या गॅलऱ्यांमध्ये गेली. आता गोंदियात राहतो आणि बोलावणं आलं की जातो. आई अजून शेजारणींना सांगते, "आमचा दिलीप खिळे ठोकतो." आईचं काही चुकत नाही.

आमच्या कामाचा पहिला धडा म्हणजे आय लेव्हल. उभ्या माणसाचा डोळा ज्या उंचीवर येतो, त्या उंचीवर चित्राचा मध्य आला पाहिजे. चित्र फारच मोठं असेल तर ते जमत नाही. मग तळ जमिनीपासून वीतभर वर ठेवायचा आणि बघणाऱ्याला मागे सरकायला मोकळी जागा द्यायची. मी बिनचूक तेच केलं होतं. तरी समोरचं जंगल दारू प्यायल्यासारखं उभं होतं.

हे प्रदर्शन मुंबईच्या एका गॅलरीने भरवलं होतं. जिल्ह्यातल्या आजच्या चित्रकारांची कामं इथेच, बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात लावायची आणि त्यातली निवडक पुढे मुंबईला न्यायची, असा बेत. स्थानिक पेपरात बातमी आली तेव्हा पानठेल्यावर लोक विचारत, "टिकट है क्या?" तिकीट नाही म्हटलं की त्यांचा उत्साह निम्मा व्हायचा. फुकटच्या वस्तूवर आमच्या गोंदियाचा विश्वास नाही.

क्युरेटर होत्या अदिती मॅडम. क्युरेटर म्हणजे लग्नघरातली मोठी काकू समजा. कोण कुठल्या पंगतीत बसणार, कोणाला मानाचं पान, सगळं तिच्या हुकमाने. बाई हुशार. डोळा चांगला. बोलण्यात मात्र सुरी.

मानाचं पान, म्हणजे समोरची मोठी भिंत, त्यांनी दिली होती गोरेगावच्या (मुंबईचं नव्हे, आमच्या जिल्ह्यातलं) निर्मलाबाईंच्या पडद्याला. निर्मलाबाई पन्नाशीच्या. गोरेगावात त्यांचं पेंटिंगचं दुकान. दुकानांच्या पाट्या, शटरवरची नावं, गाड्यांचे नंबर. फ्लेक्स आला आणि ते काम आटलं. त्यांचे वडील नाटकांचे पडदे रंगवायचे. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटकं होतात. त्या नाटकांच्या मागे जंगल, राजवाडा, रस्ता असे रंगवलेले पडदे असत. आता तिथेही फ्लेक्सच. वडील गेले, आणि कित्येक वर्षांनी निर्मलाबाईंनी मनानेच एक पडदा काढला. कुठल्या नाटकासाठी नाही. त्यांना काढावासा वाटला म्हणून.

हे कापड गावच्या समाजमंदिराच्या फरशीवर अंथरून, त्यावर अनवाणी चालत त्यांनी रंगवलं होतं. मांजरपाटाचे पट्टे शिवून केलेलं ते कापड एवढं मोठं की टांगून बघायला गावात भिंतच नव्हती. अदिती मॅडमना फोनवर फोटो पाठवले तेही तुकड्यांचे. एक फोटो पाण्याचा, एक सारसाच्या पिसांचा. रंग बघून मॅडम हरखल्या. अखंड चित्र त्या दुपारपर्यंत कोणीच पाहिलं नव्हतं. काढणारीनेसुद्धा नाही.

त्या दुपारी दोघी एकदमच गोदामात शिरल्या. निर्मलाबाईंच्या हातात डबा होता. माझ्यासाठी आणला होता, वांग्याची भाजी आणि भात. त्यांनी मान वर केली आणि डबा तसाच हातात राहिला.

अदिती मॅडमनी मात्र वेळ घालवला नाही. "दिलीपजी, हे नीट लागलंय?"

"तपासतो."

"मला वाटतं नीटच लागलंय. ड्रॉइंगच वीक आहे. कलर सुंदर आहे, वॉटर सुंदर आहे. पण वरचा भाग..." त्या थांबल्या. "एक करू. वरचा तिसरा हिस्सा पाइपवर गुंडाळून टाकू. पाणी, पाय, गवत एवढंच दिसेल. खूप कंटेम्पररी वाटेल."

निर्मलाबाई वळल्या. "म्हणजे सारसाचं मुंडकं छाटून टांगता? बोकड आहे का जी तो?"

"तसं नाही हो, ताई."

"तसंच आहे. टांगाचा तर आख्खा टांगा, नाही तर द्या माझं मले."

मॅडमही हटल्या नाहीत. "उद्या उद्घाटन आहे. लोक हसले तर ते तुम्हालाच हसतील, मला नाही."

हे खरंच होतं आणि म्हणूनच वर्मी लागलं. निर्मलाबाई कोपऱ्यात धान तोलायच्या काट्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मी मागोमाग गेलो. मला वाटलं, चिडल्या असतील. त्या रडत होत्या.

"भाऊ, मले वाटे का मले येते," त्या म्हणाल्या. "पाट्या रंगवल्या, शटर रंगवले, पण मनात होतं का आपण बापाची पोरगी आहो, आपल्याले येते. साऱ्या गावाले सांगून बसली, माझा पडदा लागून राहिला गोंदियाले. टेम्पो ठरवला त्यांनी. आता का दाखवू? हे पडके झाडं?"

"थांबा, मी जरा बघतो. माझंही चुकलं असेल."

"तुमचं नाही चुकलं. मन नोको राखू भाऊ." त्यांनी डबा माझ्या हातात दिला, पदराने तोंड पुसलं आणि एसटी गाठायला निघून गेल्या.

आता माझा स्वभाव सांगतो. कोणी रडलं की मला सुचत नाही. पण वस्तू वाकडी दिसली की ती का वाकडी हे कळेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. डबा तसाच ठेवला आणि ओळंबा काढला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. गवंडी भिंत सरळ आहे का ते त्याने बघतात. मी कापडाच्या शिवणीशेजारी तो सोडला. शिवण दोरीला समांतर. पाइपवर स्पिरिट लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध. म्हणजे टांगणी बरोबर होती. कापड कुठे ओढलं गेलेलं नव्हतं. मॅडम म्हणत होत्या तेच खरं, झाडं काढतानाच वाकडी काढली होती.

पण मग मी पुन्हा मागे गेलो आणि डोकं खाजवत बसलो. डाव्या बाजूची झाडं डावीकडे झुकलेली, उजव्या बाजूची उजवीकडे. मधोमध सरळ आणि कडेला जावं तसा झोक वाढत गेलेला, दोन्हीकडे सारखाच. अहो, ज्याला येत नाही त्याचं एक झाड इकडे कलेल, दुसरं तिकडे. चूक इतकी शिस्तीत होत नाही.

मग सारस मोजला. टेप घेऊन शिडीवर चढलो, पायापासून डोक्यापर्यंत. खाली लव्हाळ्याची पाती बोटभर रुंद, वर तशीच पाती दीड बोट. जसजसं वर जावं तसतसं सगळं मोठं होत गेलं होतं, आणि तेही ठरल्या चालीने.

मी निर्मलाबाईंना फोन लावला. मागे एसटीचा खडखडाट.

"बाई, एवढंच सांगा, वरचं मोठं आणि खालचं लहान असं मुद्दाम काढता का?"

"मुद्दाम का? तसंच काढतात. बाबा सांगत, खाली वीत तर वर दीड वीत. कडेचं झाड बाहेर पाड. आमच्या घरी तसंच आहे."

"पण कशासाठी?"

"कायले म्हणून कोणी विचारते का जी? पोळी गोलच काऊन लाटता म्हणून तुम्ही आईले विचारलं का कधी?" आणि फोन कट.

नव्हतं विचारलं. पण आता मला राहवेना. वडिलांनी मुलीला नियम दिला, कारण दिलं नाही, किंवा त्यांनाही कोणी दिलं नसेल. नियम मात्र कोणीतरी डोकं लावून केलेला होता, हे उघड होतं.

आणि मग तलावाकडे लक्ष गेलं. तो एवढा चिंचोळा का? इथे धंद्यातली एक गोष्ट सांगतो, सोपी आहे. तुम्ही तलावाच्या काठावर उभे राहा. पाणी संपून आकाश सुरू होतं ती रेघ, म्हणजे क्षितिज, नेहमी तुमच्या डोळ्याच्या उंचीवर दिसते. खाली बसा, ती रेघही खाली येते. माडीवर चढा, तीही चढते. म्हणून कुठल्याही चित्रात क्षितिज शोधलं की हे चित्र बघणाऱ्याचा डोळा कुठे धरलाय, ते कळतं. निर्मलाबाईंच्या पडद्यावर क्षितिज तळापासून जेमतेम हातभर वर होतं. म्हणजे बघणाऱ्याचा डोळा माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. एवढा बुटका प्रेक्षक कोण?

मी इकडेतिकडे पाहिलं. मॅडम बाहेर फोनवर होत्या. मी सरळ गोदामाच्या फरशीवर पालथा झालो, हनुवटी दोन्ही मुठींवर टेकवली आणि वर बघितलं.

झाडं उभी राहिली.

सगळी नाही, सगळीच सरळ नाही, पण ओढून धरल्यासारखी सावरली. सारसाची मान बारीक झाली. मी लहान पोरासारखा ओरडलो.

"सर," बबलूभाई धावत आला, "तबियत ठीक है ना? डॉक्टर को बुलाऊं?"

"बबलूभाई, तुम्ही झाडीपट्टीच्या नाटकांना मंडप देता ना? तिथे पब्लिक कुठे बसते?"

"नीचे. जमीन पे. और कहां?"

"आणि स्टेज?"

त्याने हात कमरेच्या जरा वर धरला. "इतना ऊंचा. कभी जादा भी."

झालं. एवढंच होतं ते. बघणारा जमिनीवर बसलेला, पडदा स्टेजवर, म्हणजे पडद्याचा तळसुद्धा त्याच्या डोळ्याहून वर, म्हणून क्षितिज जमेल तेवढं तळाशी. मान वर करून बघताना वरच्या वस्तू लहान दिसतात आणि कडेच्या आत कलल्यासारख्या वाटतात. म्हणून वरचं आधीच मोठं काढायचं, कडेचं आधीच बाहेर पाडायचं. बसलेल्याला मग सगळं प्रमाणात दिसतं. मी मात्र जगभरचा नियम लावून तो पडदा उभ्या माणसासाठी टांगला होता आणि वरून म्हणत होतो, टांगणी बिनचूक आहे!

गोदामाचं छप्पर उंच होतं हे नशीब. एरवीच्या गॅलरीत फॉल्स सीलिंगने घात केला असता. बबलूभाईची माणसं, दोर आणि कप्पी लावून आम्ही पडदा वर घेतला. तळ कमरेच्या वर आला. मी फरशीवर मांडी घातली. वर बघितलं. काय सांगू! मोहाची झाडं खांबासारखी ताठ. पाणी लांबवर पसरलेलं. दोन सारस माझ्यापुढे उभे, उंच पायांचे, डौलदार, आणि त्यांची लाल डोकी संध्याकाळच्या आभाळात. इतकी वर्षं चित्रं टांगतोय, पण अंगावर काटा आला असं क्वचितच झालंय.

मी मॅडमना बोलावलं. त्या उभ्यानेच बघू लागल्या. उभ्याने ते पूर्वीहून वाईट दिसत होतं.

"मॅडम, खाली बसा."

त्यांनी फरशीकडे पाहिलं. फरशीवर कोंडा होता आणि त्यांच्या अंगावर पांढरं लिनन. बबलूभाईने खुर्ची आणली. त्या खुर्चीवर बसल्या. खुर्ची म्हणजे ना धड बसणं ना उभं राहणं.

"बरं वाटतंय थोडं," त्या म्हणाल्या. "तुमचं लॉजिक कळलं मला, दिलीपजी. इंटरेस्टिंग आहे. पण प्रदर्शनात लोक चालत येतात, चालत जातात. इथे बसून बघा अशी पाटी लावायची? म्हणजे चित्राला कुबडी देणं झालं. चित्राने आपलं आपण उभं राहायला हवं."

"ते उभंच आहे. आपण बसायचं आहे."

त्या हसल्या, पण ऐकलं नाही. शेवटी ठरलं ते असं: उद्घाटनाच्या दिवशी आख्खा पडदा याच उंचीवर राहील, पाटी लावायची नाही. लोक हसले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी वरचा भाग गुंडाळायचा आणि मुंबईलाही तसाच न्यायचा. निर्मलाबाई तयार नसतील, तर पडदा परत. मी निर्मलाबाईंना दोनदा फोन केला. सांगितलं, झाडं सरळ आहेत, या आणि बसून बघा. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही चांगले माणूस आहा. पण मी लहान पोट्टी नाही."

उद्घाटनाला गर्दी झाली. फीत कापली, भाषणं झाली, समोशे आले. शहरातली मंडळी चित्रांसमोरून फिरू लागली, आणि मोठ्या भिंतीपाशी येऊन हसू लागली. मॅडमचं बोलणं तंतोतंत खरं ठरत होतं. एक शेठजी म्हणाले, "भूकंप आया है क्या जंगल में?" दोन मुलींनी झाडांसारखं तिरकं उभं राहून सेल्फी काढला. मी एका सरांना म्हटलं, जरा खाली बसून बघता का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचं पाकीटच मागितलंय. मॅडम लांबून माझ्याकडे बघत होत्या. टोमणा नव्हता त्या नजरेत, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मग बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. गोरेगावची माणसं आली.

पुढे सोमाजी काका, निर्मलाबाईंच्या वडिलांचे मित्र, डोक्याला शेला. मागे म्हातारे, बाया, कडेवर लेकरं. सगळ्यात शेवटी, पदर पार नाकापर्यंत ओढून, निर्मलाबाई. गाव निघालं तेव्हा त्यांना घरी राहणं जमलं नसावं. त्या दाराशीच थांबल्या.

गावकऱ्यांनी आत येऊन एकदा समोर बघितलं. पडदा दिसला. पुढे जे झालं ते कोणी कोणाला सांगितलं नाही. चपला दाराशी निघाल्या. काखेतली पोती फरशीवर अंथरली गेली. बाया एका अंगाला, माणसं एका अंगाला, लेकरं पुढे. बघता बघता पडद्यासमोर आख्खं गाव मांडी घालून बसलं. कोणीतरी शेंगांची पुडी सोडली.

आणि सगळे वाट बघू लागले.

मला आधी उमगेना की हे कशाची वाट बघतायत. तेवढ्यात सोमाजी काकांनी मला खूण केली. "ओ भाऊ, पडदा तर लागला. नाटक कधी सुरू होऊन राहिलं?"

मी काही बोलायच्या आत मागून एक म्हातारी कडाडली. समोर समोसा हातात घेऊन उभ्या असलेल्या मंडळींना उद्देशून. "अगा ओ, काऊन उभे आहा समोर? बसा ना खाली! दिसून नाही राहिलं मागं!"

"बैठ जाओ भाई, बैठ जाओ," दुसरा ओरडला.

आता आमच्याकडे नाटकाच्या मंडपात मागून 'बसा' अशी हाक आली की माणूस बसतो. तो शेठजी असो की सरपंच. हाडात मुरलंय ते. शेठजी इकडेतिकडे बघत मटकन बसले. सेल्फीवाल्या मुली बसल्या. मी ज्यांना विनंती केली होती ते सर रुमाल अंथरून बसले. मध्ये उरल्या एकट्या अदिती मॅडम, नेमक्या सारसांच्या समोर.

"ओ बाई," काका म्हणाले, "तुम्हीही बसा जी. लाजता कायले?"

मॅडम लाल झाल्या आणि त्या पांढऱ्या कपड्यांनिशी खाली कोंड्यात बसल्या. मान वर केली.

मी त्यांचं तोंड बघत होतो. आधी नुसता अवघडलेपणा. मग कपाळावरची आठी गेली. मग त्यांनी हळूच उठून उभ्याने पाहिलं, परत बसून पाहिलं, परत अर्धवट उठल्या. मागून पुन्हा "बसा!" झालं. त्या बसल्या त्या उठल्याच नाहीत. शेठजी शेजारच्याला कोपराने ढोसून म्हणत होते, "अरे, सीधा हो गया! देख, सीधा हो गया!"

मी काकांजवळ उकिडवा बसलो. "काका, नाटक नाहीये. नुसता पडदाच आहे."

"नाटक नाही?" काकांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "मग आमी का पाहून राहिलो?"

"हेच. चित्र."

काकांनी थोडा विचार केला. मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "नाटक नाही म्हणते. पडदाच पाहा."

थोडी कुजबूज झाली. एक जण म्हणाला, "बरं. मग पाहू." आणि गाव तसंच बसून राहिलं. शेंगा खात, बोटं दाखवत, ही झाडं नवेगावच्या कोणत्या अंगाची यावर भांडत. कोणी चुळबूळ केली नाही. मी मुंबईत मोठमोठ्या चित्रांसमोर लोकांना पाहिलंय. एवढा वेळ कोणाला बसलेलं पाहिलं नाही.

दाराशी निर्मलाबाई अजून उभ्याच होत्या. मी गेलो. "चला."

"पाहिलं ना मी काल."

"काल उभ्याने पाहिलं. तुमचं गाव कुठे बसलंय बघा. तिथे बसा."

काय वाटलं कोण जाणे, आल्या. शेवटच्या रांगेत एका पोत्याच्या कडेवर टेकल्या. पदर नाकावरून खाली आला. मी शेजारी बसलो आणि मुद्दाम दुसरीकडे बघत राहिलो. मग त्या बोलल्या, पण माझ्याशी नाही, स्वतःशीच.

"उभे आहेत सारे."

मी हुंकार दिला.

"भाऊ, मी बाबाच्या एकाही नाटकाले समोर बसली नाही. बाबा मले मागं ठेवत. पडद्याचा दोर ओढाले. मागून पडदा उलटा दिसते, रंग नुसता फुटलेला. मले वाटे, पडदा असाच असते." "सारे पडदे आईनं मग धानावर झाकले. सडून गेले. मी एकही नाही पाहिला, भाऊ. एकही नाही."

त्यांनी डोळे पुसले, आणि पुढच्या रांगेला हाक मारली. "सोमाजी काका! बाबाचे पडदे असेच दिसत का?"

काकांनी मान वळवली नाही. ते सारसांकडेच बघत होते.

"असेच दिसत," ते म्हणाले. "झाडं अशीच उभी राहत त्याची. पण पोरी, तुह्या बापाले पाखरं जमत नव्हती. कोंबड्यावानी काढे तो. हे तुहं आहे."

निर्मलाबाई हसायला लागल्या. रडत होत्या आणि हसत होत्या, आणि शेजारची बाई त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होती.

पडदा गुंडाळला गेला नाही. मुंबईलाही गेला, आख्खा. टांगायला मीच गेलो होतो. मॅडमनी समोर सतरंज्या घातल्या, आणि आपण स्वतः पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या. त्या गॅलरीचं छत गोदामाएवढं उंच नव्हतं, म्हणून फरशीवरचं एक लाकडी व्यासपीठ काढून जागा खाली घ्यावी लागली. माझी कंबर त्यात गेली ती अजून आलेली नाही. काही लोक बसले. काहींचे गुडघे वाकेनात. ते उभ्यानेच बघून म्हणाले, ड्रॉइंग वीक आहे.

त्यांच्याशी मी वाद घालत नाही. काम घेताना चित्रकाराला एक प्रश्न मात्र हल्ली आधी विचारतो: बघणारा कुठे बसणार आहे? पुष्कळांनी त्याचा विचारच केलेला नसतो. काही जण रागावतात. रागावू देत. चित्र वाकडं दिसलं तर आधी आपली जागा बदलून बघावी. कपडे मळले तर झटकता येतात.